प्रश्न विचारावा कसा, उत्तर द्यावे कसे?

उपनिषदांपैकी एकाचे नावच ‘प्रश्न’ असे आहे. सुकेशा भारद्वाज, शैब्य सत्यकाम, सौर्यायणी गार्ग्य, कौसल्य आश्वलायन, भार्गव वैदर्भि आणि कबंधी कात्यायन असे सहा जण हातांत समिधा घेऊन पिप्पलाद ऋषींकडे गेले. त्यांतला एक वैदर्भि, म्हणजे आपल्या विदर्भाकडचा, याचे आम्हांस उगीचच कौतुक वाटते. पिप्पलादांनी त्यांना तत्काळ उत्तरे दिली नाहीत आणि हाकलूनही लावले नाही. एक वर्षभर तप, ब्रह्मचर्य व श्रद्धा यांनी येथे राहा, मग हवे ते विचारा, आम्हांला ठाऊक असले तर सांगू, अशा अर्थाचे ते बोलले. ब्रह्मविद्येचा एवढा अधिकारी पुरुष, आणि तो ‘ठाऊक असले तर’ म्हणतो! विचारणाऱ्याने रिकाम्या हाताने येऊ नये आणि सांगणाऱ्याने उंच चढून बसू नये, या दोन्ही गोष्टी त्या एवढ्याशा प्रसंगात आल्या.

हा विषय आज काढण्याचे कारण असे. अलीकडे वारीत पुण्या-हिंजवडीकडची, संगणकाच्या धंद्यातली पुष्कळ तरुण मंडळी चालतात. कोणी आळंदी ते पुणे एवढीच वाट चालतात, कोणी रजा काढून पुढेही येतात. सासवडच्या मुक्कामी त्यांतला एक जण आमच्याजवळ येऊन बसला. बोलता बोलता म्हणाला, “महाराज, आमच्या धंद्यात प्रश्न विचारायचीसुद्धा भीती वाटते हो.” आम्ही म्हटले, “ती आमच्याही धंद्यात वाटते. तुझं काय ते सांग.”

त्याने सांगितले ते थोडक्यात असे. संगणकाला करावयाच्या कामाच्या आज्ञा ओळीओळींनी लिहून द्याव्या लागतात. त्यांत एक स्वल्पविराम चुकला तरी सगळे काम अडते. नवा माणूस तर पावलोपावली अडतो. मग तो त्या विद्येतल्या जाणत्यांना विचारतो. हे जाणते त्याच्या गावचे नसतात, ओळखीचे नसतात, आणि उत्तर देण्याबद्दल त्यांना कवडीही मिळत नाही. केवळ विद्येच्या प्रेमाने ते परक्याची अडचण सोडवीत बसतात. ऐकून आम्हांस बरे वाटले. अन्नदानाइतकेच हे दान मोठे आहे. पण तेच तेच प्रश्न दररोज येऊ लागले, धड न विचारलेले येऊ लागले, तेव्हा जाणत्यांनी प्रश्न विचारण्याचे नियम घालून दिले. अमेरिकेतल्या एरिक रेमंड आणि रिक मोएन या दोघांनी २००१ साली ‘शहाणपणाने प्रश्न कसे विचारावेत’ अशा अर्थाच्या नावाचा एक लांबलचक लेखच लिहिला, आणि त्या विद्येच्या लोकांत तो अजून प्रमाणासारखा दाखवला जातो. आधी स्वतः शोधा, पोथी वाचा, काय केले ते सांगा, काय व्हावे असे वाटत होते आणि काय झाले ते सांगा, असा त्याचा एकंदर रोख. जो हे न करता विचारतो त्याला पूर्वीपासून चार इंग्रजी अक्षरांनी वाटेला लावतात. त्यांचा अर्थ ‘पोथी वाच’ असा. मात्र मधले एक अक्षर कीर्तनात सांगण्याजोगे नाही, असे तो मुलगा हसत म्हणाला.

नियमांविषयी आमचे काहीच म्हणणे नाही. उलट त्यांतला एक नियम ऐकून आम्हांस समिधांचीच आठवण झाली. तो नियम असा की, अडलेली सगळी आज्ञावली जाणत्यापुढे ओतू नये. ज्या चार-सहा ओळींत चूक दिसते तेवढ्याच वेगळ्या काढून दाखवाव्या. बाकीचे एक एक काढीत जावे आणि दर वेळी चूक अजून होते का ते पाहावे. मुलगा म्हणाला, “महाराज, गंमत अशी की असं छाटत छाटत गेलं की निम्म्या वेळा चूक आपली आपल्यालाच सापडते. विचारायची गरजच राहत नाही.” समिधा म्हणजे तरी काय? रानात जाऊन, वाळलेले ओले पाहून, वीतभर मापाने तोडून आणलेले लाकूड. गुरूंच्या घरी लाकडांचा तोटा असतो म्हणून काही ती न्यावयाची नाहीत. त्या वेचण्यात शिष्याचा हात चालतो, डोळा चालतो, आणि मन ठिकाणावर येते. आमच्याकडे कोणी ज्ञानेश्वरीतील एखाद्या ओवीचा अर्थ विचारतो, तेव्हा आम्ही आधी “तिच्या मागच्या चार ओव्या म्हणून दाखव” असे सांगतो. पुष्कळदा तो म्हणता म्हणता मध्येच थांबतो आणि “कळलं महाराज” म्हणून उठतो. अडलेली ओवी बहुधा मागच्या दृष्टान्ताचा सिद्धान्त असते. उपमान मागे राहिलेले असते आणि हा बिचारा उपमेयाशी झगडत असतो. त्या मुलाच्या धंद्यातही असेच आहे म्हणे. चूक कोणत्या ओळीत आहे ते यंत्र स्वतःच लिहून दाखवते, पण नवखा घाबरून ते वाचतच नाही आणि ‘चालत नाही’ एवढेच दुसऱ्याला कळवतो.

येथवर विचारणाऱ्याचा धर्म झाला. पण याच नियमांत एक गाठ आहे, ती सुटल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नवख्याने प्रश्न पूर्ण विचारावा हे ठीक. पण पूर्ण म्हणजे काय, हे नवख्याला कळावे कसे? वारीतलेच उदाहरण घ्या. वाखरीच्या तळावर एखादी म्हातारी चुकली आणि तिने “बारा नंबरची दिंडी कुठं?” असे विचारले, तर जुना वारकरी लगेच म्हणेल, “रथापुढची की रथामागची?” माउलींच्या सोहळ्यात रथापुढच्या दिंड्यांचे क्रमांक वेगळे आणि रथामागच्यांचे वेगळे. एकाच अंकाच्या दोन दिंड्या असतात. म्हातारीला हे ठाऊक असते तर ती चुकली तरी कशाला असती? तिचा प्रश्न अपुरा आहे, कारण तिचे ज्ञान अपुरे आहे. आणि ज्ञान अपुरे आहे म्हणून तर ती विचारते आहे. तिला “आधी नीट विचारायला शिक” म्हणणे म्हणजे, पोहता आल्यावरच पाण्यात उतर म्हणण्यासारखे झाले. संगणकात पहिल्या वस्तूला बहुतेक भाषांत शून्य हा क्रमांक देतात म्हणे, म्हणजे दहा वस्तूंतली शेवटची नववी ठरते. नव्या मुलाला ती दहावी सापडत नाही, आणि आपण मोजण्यात चुकलो आहोत ही शंकाही त्याला येत नाही. लहानपणापासून तो एकपासून मोजत आला! तो विचारणार, “माझी शेवटची वस्तू कुठे गेली?” जाणत्याला हा प्रश्न बावळट वाटतो. विचारणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्याहून सरळ प्रश्न असू शकत नाही.

येथे पूर्वपक्ष असा उभा राहतो की, एकदा सांगितले, दोनदा सांगितले, तेच शंभरदा कुणी सांगावे? जाणत्यालाही संसार आहे, त्याचाही जीव थकतो. खरे आहे. फुकट सांगणाऱ्यावर हक्क गाजवणारे लोक आम्हीही पाहिले आहेत. उत्तरास जरा उशीर झाला की तेच चिडतात. पण ‘हे आधीच सांगून झाले आहे’ या एका वाक्याने विषय संपत नाही. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात उद्दालकांनी श्वेतकेतूला एकच महावाक्य नऊ वेळा सांगितले आहे. हा श्वेतकेतू काही अडाणी नव्हता. बारा वर्षे गुरुगृही राहून, सगळे वेद शिकून, ताठ मानेने घरी आलेला चोवीस वर्षांचा मुलगा. तो पुन्हा पुन्हा, आणखी समजावून सांगा, म्हणत राहिला. आणि बाप कधी मधाचा, कधी नद्यांचा, कधी वडाच्या फळातल्या बीचा, कधी पाण्यात विरघळलेल्या मिठाचा दाखला देत राहिला. उत्तर नऊ वेळा तेच, वाट नऊ वेळा निराळी. मिठाच्या वेळी तर मुलाकडून रात्री पाण्यात मीठ टाकवले, सकाळी ते वरून, मधून, तळातून चाखवले. त्याच नवांत गांधार देशाच्या माणसाचा दृष्टान्त आहे. चोरांनी डोळे बांधून त्याला रानात आणून सोडले. कुणा दयाळूने पट्टी सोडली आणि गांधार कोणत्या दिशेला ते सांगितले. मग तो गावोगाव विचारीत घरी पोचला. पट्टी सोडणाऱ्याने त्याला “एवढं मोठं गांधार, तेही दिसत नाही?” असे म्हटल्याचे श्रुतीत नाही.

आणि अर्जुनाचे काय? अठराव्या अध्यायाच्या आरंभी तो संन्यास आणि त्याग यांतला भेद विचारतो. वास्तविक हा विषय आधी येऊन गेलेला. मग हा पुन्हा का विचारतो? शके १२१२ मध्ये नेवाशास माउलींनी यावर जे समाधान सांगितले, ते आठवले की आमचा कंठ दाटतो. पोट भरलेल्या वासरालाही गाय दूर जाऊ नये असे वाटते, तशी अर्जुनाची ती ओढ आहे. म्हणजे पुन्हा विचारणारा प्रत्येक जण आळशीच असतो असे नाही. कोणाला समजलेले असते, पण एकटे पडायचे नसते.

असो. मग जाणत्याने प्रत्येकाला उत्तर दिलेच पाहिजे काय? आमच्या मते, नाही. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे की न विचारता सांगू नये, अन्यायाने विचारणाऱ्यालाही सांगू नये. शहाण्याने जाणत असूनही लोकांत जडासारखे राहावे. अन्यायाने म्हणजे परीक्षा पाहण्यासाठी, फजिती करण्यासाठी, चारचौघांत आपली विद्वत्ता मिरवण्यासाठी. कीर्तन संपल्यावर पागोटे सावरीत असे विचारणारे आम्हांस नवे नाहीत. त्यांच्यापुढे आम्ही हात जोडतो आणि प्रसाद घेतो. पण मनूने येथे काय सांगितले आणि काय सांगितले नाही, ते नीट पाहावे. गप्प राहा, असे सांगितले. टाकून बोल, असे कोठेही सांगितले नाही. जाणत्याला दोन वाटा मोकळ्या आहेत, सांगणे आणि न सांगणे. तिसरी, म्हणजे चार लोकांत हसणे, ही वाट शास्त्राने काढलेली नाही. ती आपण आपल्या सोयीने काढली आहे. थकलेल्या माणसाने गप्प बसावे. त्याला दोष नाही. त्याच्या जागी दुसरा कोणी सांगेल. पण हसे झालेला मुलगा त्या दुसऱ्यालाही विचारावयास जात नाही.

यावर कोणी गोरोबाकाकांचे उदाहरण देतील. देतातच. तेरेस संतमंडळी जमली असता थापटण्याने सगळ्यांची मडकी तपासली गेली, नामदेवराय रागावले आणि कच्चे ठरले, ही कथा लहान मुलालाही ठाऊक आहे. “नामदेवांसारख्यांना कच्चं म्हटलं, मग तू कोण रे?” असे म्हणून टाळ फेकून देणारे गृहस्थ आम्ही एका फडावर पाहिले आहेत. पण कथा पुरती सांगावी. पहिली गोष्ट, थापटणे सगळ्यांच्या डोक्यावरून सारखे फिरले. एकट्या नवख्याला बाजूला काढून मारले नाही. दुसरी गोष्ट, नामदेवराय तेथे प्रश्न घेऊन आलेच नव्हते. देव माझ्याशी बोलतो हा अभिमान घेऊन आले होते. अभिमानावरचे औषध जिज्ञासेला देऊ नये. ताप उतरवण्याची मात्रा भुकेल्याला दिली तर तो मरेल. आणि तिसरी गोष्ट, कथा तेथे संपत नाही. ती औंढ्या नागनाथास जाते.

तेथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजले होते. नामदेवरायांनी पाय काढा म्हटले. विसोबांनी वेदान्तावर प्रवचन केले नाही आणि ‘एवढेही कळत नाही’ असेही म्हटले नाही. म्हातारपणामुळे आपल्याच्याने पाय उचलवत नाहीत, जेथे देव नसेल तेथे तूच उचलून ठेव, असे सांगितले. नामदेवरायांनी पाय उचलले. जेथे ठेवावे तेथे पिंडी! उत्तर कोणी दिले? नामदेवरायांच्या हातांनीच नामदेवरायांना दिले. विसोबांनी फक्त कोणती गोष्ट करून पाहावी एवढे दाखवले. हे आम्ही त्या मुलाला सांगितले तेव्हा तो उठून बसला. म्हणाला, “आमच्यात जे खरे चांगले आहेत ना महाराज, ते अगदी असंच करतात. तयार ओळी लिहून देत नाहीत. म्हणतात, अमुक ठिकाणी थांब आणि त्या वेळी हा आकडा किती झालाय ते छापून बघ. बघितलं की डोक्यात उजेड पडतो.” तयार उत्तर देणारा दाता खरा, पण असा दाता दुर्मिळ.

आणखी एक प्रकार त्याने सांगितला. माणसाची खरी अडचण एक असते. ती सोडवण्याची एक वाट तो मनाने ठरवतो, त्या वाटेत अडतो, आणि मग प्रश्न विचारतो तो त्या वाटेचा, अडचणीचा नव्हे. त्यांच्यात याला ‘एक्स-वाय’चा घोळ म्हणतात. नाव काहीही असो, हा घोळ आमच्या रोजच्या ओळखीचा आहे. एका गावी एक बाई विचारू लागल्या, “बुवा, द्वादशीला पारणं जास्तीत जास्त लवकर किती वाजता सोडलं तर चालतं?” पंचांग काढून तिथीचे उत्तर देता आले असते. आम्ही विचारले, “आई, घाई कशाची?” तेव्हा कळले की त्यांना साखरेचा विकार, गोळी अन्नाबरोबर घ्यावयाची, आणि एकादशीच्या रात्री त्यांना घेरी येते. आता हा प्रश्न पंचांगाचा राहिला काय? व्रतभंग न करणाऱ्या ज्या आठ गोष्टी शास्त्राने सांगितल्या, त्यांत पाणी, फळे, दूध यांच्या जोडीने औषधही आहे, आणि गुरुवचनही आहे. वैद्यांस विचारा, ते सांगतील तसे खा, गोळी चुकवू नका, एकादशी मोडत नाही, असे आम्ही सांगितले. त्या ‘किती वाजता’ विचारून निघून गेल्या असत्या तर शास्त्र बरोबर आणि बाई अंथरुणावर, असे झाले असते. म्हणून नवख्याच्या प्रश्नाला उत्तर देण्यापूर्वी एक उलट प्रश्न विचारावा, आणि तो प्रेमाने विचारावा. दरडावून विचारला तर माणूस खरी गोष्ट सांगत नाही.

आता आपल्या घरात पाहू. संगणकवाल्यांना नावे ठेवण्यासाठी हे आम्ही लिहीत नाही. आपण एकमेकांना माउली म्हणतो, वयाचा आणि जातीचा विचार न करता पायांवर डोके ठेवतो. आणि त्याच हातांनी नव्या पोराच्या हातातला टाळ काढून घेतो. चाल चुकली, पाऊल चुकले, अभंगाचे ध्रुवपद दुसऱ्याच ठिकाणी उचलले, की मागच्या रांगेत खसखस पिकते. कोणी काही वाईट बोलत नाही, फक्त हसतात. पुढच्या एकादशीला ते पोर येत नाही. का आले नाही, असे विचारावयास कोणी जातही नाही. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, ती न येणाऱ्यालाच शिकवण्यासाठी काढली. येते त्याला शाळा कशाला हवी?

आणि अलीकडे हसण्याचा परिणाम आणखी दूर गेला आहे. २०२२ सालच्या अखेरीपासून प्रश्नाला माणसासारखे वाक्यांत उत्तर देणारी यंत्रे लोकांच्या हाती आली. मुलगा म्हणाला, “आता नवीन मुलं आधी यंत्रालाच विचारतात. ते कधी चिडत नाही, शंभर वेळा विचारलं तरी.” आम्ही विचारले, “त्याला येत नसलं तर ते तसं सांगतं का?” तो म्हणाला, “कधी सांगतं. कधी ठोकून देतं, आणि तेही तितक्याच गोड भाषेत.” हे ऐकल्यापासून आम्हांस सुकेशा भारद्वाजाची गोष्ट सुचते आहे. कोसलचा राजपुत्र हिरण्यनाभ त्याच्याकडे सोळा कलांच्या पुरुषाविषयी विचारावयास गेला होता. सुकेशाने स्वच्छ सांगितले की मला ठाऊक नाही. ठाऊक असते तर का सांगितले नसते? असत्य बोलणारा मुळासकट वाळतो. राजपुत्र मुकाट्याने रथात बसून गेला. सुकेशा तोच प्रश्न मनात ठेवून पिप्पलादांकडे आला, आणि उपनिषदातला सहावा, शेवटचा प्रश्न तो हाच. ज्या मुलांना आपण हसून घालवतो, ती अशा माणसाला मुकतात. त्यांना न चिडणारे कोणी भेटते, पण ‘मला ठाऊक नाही, चल आपण मिळून विचारू’ म्हणणारा भेटत नाही. यंत्राने चिडू नये हे सोपे आहे. त्याला थकवा कुठे आहे? थकलेल्या माणसाने न चिडणे, यालाच आम्ही साधना म्हणतो.

वारीत याची व्यवस्था आपल्या वडिलांनी फार पूर्वी करून ठेवली आहे, तिकडे आपले लक्ष नाही एवढेच. संध्याकाळी पालखी तळावर पोचली की समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात. टाळ-मृदंगांचा घोष चाललेला असतो. चोपदार चोप उंच करतात आणि क्षणात हजारो टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, काही अडचण असेल, तिचे टाळ मात्र वाजतच राहतात. तिला कोणी गप्प करीत नाही. बाकी सगळा समाज शांत उभा राहतो आणि चोपदार स्वतः चालत त्या दिंडीपाशी जातात, काय अडले ते ऐकून घेतात. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्याच्या निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि आरती होते.

येत्या ज्येष्ठात आमच्या दिंडीत नव्या मंडळींसाठी एक गोष्ट करावयाचे ठरले आहे. रात्रीचे कीर्तन झाल्यावर विणेकऱ्यांजवळ अर्धी घटका दोन जुने टाळकरी बसतील. पावली कशी टाकावी, हरिपाठाला उभे कोठे राहावे, रिंगणात अश्वाच्या टापांखालची माती लोक कपाळी का लावतात, उद्या पाणी कोठे मिळेल, ज्याला जे अडले असेल ते त्याने तेथे येऊन विचारावे. इतर दिंड्यांनाही तसे करावयाचे असल्यास त्यांनी आमच्या विणेकऱ्यांस भेटावे. बसणाऱ्या दोघांची निवड अजून व्हावयाची आहे. ज्ञानेश्वरी पाठ असलेले पुष्कळ आहेत. आम्ही त्यांतले न हसणारे शोधतो आहोत.